‘रिव्हिजनिस्ट’ला मराठीत काय म्हणावं?

शब्दवेडी: अमेरिकी कम्युनिस्ट पक्षाच्या इतिहासलेखनावरचा लेख मराठीत आणतेय आणि दोन दिवस एका शब्दापाशी अडलेय. पक्षाचा नेता अर्ल ब्राउडर याने १९४४मध्ये पक्षच विसर्जित केला. पुढे ‘रिव्हिजनिस्ट’, म्हणजे मार्क्सवादाला मुरड घालणारा, ठरवून त्यालाच १९४६मध्ये हाकललं. लगेच खाली १९८०च्या दशकातले इतिहासकार मॉरिस इसरमन, मार्क नेसन येतात. त्यांच्या आधीचा इतिहासकार थिओडोर ड्रेपर याच्या मते पक्षाची सूत्रं मॉस्कोकडे होती. इसरमन-नेसन म्हणाले, न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतून भाडेकरूंना हुसकावलं जात होतं तेव्हा आडवे कोण आले तेही बघा. हेसुद्धा ‘रिव्हिजनिस्ट’! मी ‘संशोधनवादी’ लिहिलं, तर संपादकांनी विचारलं, बाकीचे संशोधन करत नव्हते का?

ठाणेकर: तो हिंदीतला शब्द. त्यांचं ‘संविधान संशोधन’, आपली ‘घटनादुरुस्ती’. ‘दुरुस्तीवादी’ लिहा.

पाणिनीप्रेमी: हिंदीतला कसा? सम् + शुध्, म्हणजे शुद्ध करणं. वैद्य आजही पाऱ्याचं शोधन करतात. मूळ अर्थ हिंदीने जपला, आपण तो ‘रिसर्च’ला देऊन बसलो. ‘दुरुस्ती’ तर फारसीतून आलेला.

ठाणेकर: फारसीतून आला म्हणून परका? घड्याळ दुरुस्तीला टाकता की शोधनाला?

गिरणगाव: माझे वडील लालबागला कम्युनिस्ट पक्षाचं काम करायचे. १९६४मध्ये आपल्याकडचा पक्ष फुटल्यानंतर घरात हा शब्द रोज कानावर पडायचा, तोही ‘रिव्हिजनिस्ट’ असाच. चौथी शिकलेले कामगारही तोच वापरत. काल एकत्र जेवलेल्या माणसाला तो शब्द लावला की बोलणं बंद. ब्राउडरला तोच ठेवा, त्यातली धार भाषांतरात जाईल. इतिहासकारांना मात्र ती शिवी नको. ते ‘फेरमांडणी करणारे’.

शब्दवेडी: ‘फेरमांडणी’ आवडला, दादा. पण १९९५मध्ये अमेरिकेच्या व्हेनोना या गुप्त प्रकल्पात उकललेल्या सोव्हिएत तारा खुल्या झाल्या, मॉस्कोची दप्तरंही उघडली होती. क्लेर आणि हेन्स या इतिहासकारांनी त्यातून पक्षातल्या काहींची हेरगिरी पुढे आणली. तीही फेरमांडणीच ना?

पाणिनीप्रेमी: म्हणून तर ‘पुनर्विचारवादी’ हवा.

ठाणेकर: विचार तर ड्रेपरनेही केलाच होता! बरं, ‘फेलो ट्रॅव्हलर’ला काय केलंत?

शब्दवेडी: ‘सहप्रवासी’.

गिरणगाव: तो एसटीतला वाटतो. ‘वाटेचा सोबती’ करा.

पाणिनीप्रेमी: मूळ रशियन ‘पोपुत्चिक’. त्यातला ‘पुत्’ म्हणजे वाट, आपल्या ‘पथ’चा सख्खा भाऊ. ट्रॉट्स्कीने तो पक्षाबाहेरच्या, पण क्रांतीकडे ओढा असलेल्या लेखकांसाठी वापरला होता. ‘सहपथिक’ लिहा.

ठाणेकर: ‘पथिक’ मराठीत बोलतं कोण?