रिटायरमेंटनंतर कॅरव्हॅन घेतली, फिरलो भरपूर, पण मन लागत नाही. विकून टाकू का?

सुदामानगरवाला, इंदूर
नमस्कार मंडळी. बँकेतून रिटायर होऊन दीड वर्ष झालं, मुलगा पुण्यात, मुलगी बाहेर. खूप वर्षं मनात होतं म्हणून फंडाच्या पैशातून सेकंडहँड ट्रॅव्हलर घेतली आणि आत बेड, ओटा, छोटा फ्रिज, संडास सगळं करून घेतलं (करणाऱ्याने पाण्याच्या टाकीचा जॉइंट असा बसवला की मानपूरच्या पुढचा घाट उतरेपर्यंत गाद्या ओल्या, तो विषय वेगळा). महेश्वर, मांडू, नाशिक, मग हरिहरेश्वर, गुहागर, मालवण करत कोल्हापूरहून परत. 24 दिवसांत 19 मुक्काम. फोटो पाहून सगळे म्हणतात ऐश आहे बुवा तुमची. पण खरं सांगू का, दुपारचे चार वाजले की पोटात गोळा यायचा, आज गाडी लावायची कुठे, आणि सकाळी डोळा उघडला की निघायची घाई, मार्च एंडला असायची अगदी तश्शी. मालवणला समोर सूर्य बुडत होता आणि मी मोबाइलवर उद्याचे किलोमीटर मोजत होतो. सौ. पण गप्प गप्प. आता गाडी दारात उभी आहे. काय करू?

लष्करवाला, ग्वाल्हेर
काका विकू नका, आत्ता विकली तर घातलेले निम्मे पण येणार नाहीत. आधी एक सांगा, आरसीवर मोटर कॅरव्हॅन म्हणून नोंद करून घेतली ना? नसेल तर आधी आरटीओ गाठा, क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाले बरोब्बर तिथेच बोट ठेवतात. दुसरं, रात्री झोप लागते का? आमची निम्मी चिडचिड तीच होती. 12 व्होल्ट 200 एएचची ट्युब्युलर बॅटरी म्हणजे 2400 वॉट-अवर, त्यातली निम्मीच वापरायची नाहीतर बॅटरी लवकर जाते, आणि एसी हजार वॉट खाणार, म्हणजे तासाभरात खेळ खलास. 12 व्होल्टचा पंखा 30 वॉटच्या आत रात्रभर चालतो. पंखा लावा, गाडी झाडाखाली उभी करा, आणि मेच्या उन्हात निमाडात, म्हणजे महेश्वरच्या बाजूला, जाऊ नका एवढंच.

बडोद्याची मावशी
अहो दादा, तुम्ही रिटायर झालात, वहिनी झाल्या का? एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये त्यांच्याबद्दल दोन शब्द, आणि ते पण एकच शब्द दोनदा. घरी निदान ओटा ऐसपैस असतो, गाडीत दीड फूट, त्यात पाणी जपून वापरा, मान वाकवून पोळ्या लाटा, आणि पोळी तव्यावर असतानाच बाहेरून आवाज, चल गं उशीर होतोय. मी पहिल्याच ट्रिपला सापुताऱ्याला ह्यांना सांगितलं होतं की मला इथेच उतरवा, बसने जाते घरी. तेव्हापासून सकाळचा चहा-नाश्ता ह्यांच्याकडे, संध्याकाळी खिचडी नाहीतर बाहेर, आणि एका ठिकाणी कमीत कमी चार रात्री. पहिल्या दिवशी भाजीवाली आपल्याला परदेशी समजून भाव सांगते, तिसऱ्या दिवशी विचारते काल का नाही आलात. मला तर तेव्हा कुठे आल्यासारखं वाटतं. घरचं काम अडतं म्हणाल तर ते पण नाही, गेल्या नोव्हेंबरात ह्यांनी हयातीचा दाखला द्वारकेला गाडीत बसून मोबाइलवर दिला. दाढी वाढलेली, चेहरा काही स्कॅन होईना, मी म्हटलं घ्या, सरकारला पण खात्री नाही.

एक वाचक
डिझेल जाळून शांती शोधायची नवीन फॅशन. आमच्या आजोबांनी नर्मदा परिक्रमा पायी केली, झोळी आणि काठी, बास.

लष्करवाला, ग्वाल्हेर
आजोबांच्या गुडघ्यांना नमस्कार. आमच्यात वाटी बदललीय.

सुदामानगरवाला, इंदूर
मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय. मावशी, तुमची पोस्ट सौ.ला वाचून दाखवली तर ती आधी हसली आणि मग रडली, त्यामुळे मला पुढे काही बोलता आलं नाही. सध्या महेश्वरला आहोत, घरापासून जेमतेम 90 किलोमीटर, आज सहावा दिवस. पोहे मी करतो. पहिल्या दिवशी लगदा झाला, वर जिरावन मसाला आणि शेव घालून खपवला. सौ. रोज सकाळी अहिल्याबाईंच्या वाड्यात लिंगार्चन बघायला जाते, पाटावर मातीची बारीक बारीक शिवलिंगं मांडतात, पूजा झाली की नर्मदेत सोडून देतात. मी विचारलं रोज तेच काय बघतेस, तर म्हणाली तुम्ही पस्तीस वर्षं रोज तेच लेजर नाही बघितलंत? मी तर मागच्या वेळी अर्ध्या तासात किल्ला उरकून गाडी सुरू केली होती. आज ओंकारेश्वरला निघायचं ठरलं होतं, पण दोरीवरचे कपडे वाळले नव्हते आणि तिने घाटावरच्या एका बाईला उद्या येते म्हणून सांगून ठेवलंय, म्हणून राहिलो. चार वाजून गेले हे पण आत्ता टाइप करताना कळलं.

लष्करवाले, तो 12 व्होल्टचा पंखा छताला लावायचा की बेडच्या बाजूला? आणि वायर किती जाडीची घेऊ?