पंपरूममागची ब्राह्मी कोणी उपटली?

सावंत काकू, बी-१०२ (सकाळी ७:१२): पंपरूमच्या मागची ब्राह्मी कोणी उपटली? वाटी घेऊन गेले तर नुसता चिखल आणि खराट्याचे फराटे. एक पान शिल्लक नाही. सहा वर्षं सांभाळतेय मी ती. सगळ्यांना माहीत आहे.

पाटकर, ए-३०१: सुप्रभात 🌹🌹

तांबे, सी-२०१: ब्राह्मीचं नंतर बघू. खालच्या टाकीचा बॉलकॉक बदलायचा ठराव ऑगस्टच्या मीटिंगमध्ये पास झाला होता. त्याचं काय झालं?

सावंत काकू, बी-१०२: तांबे, प्रत्येक विषयात बॉलकॉक आणू नका. नातवाचा दहावीचा पहिला पेपर आठ दिवसांवर आलाय. रोज सकाळी अर्धी वाटी रस देत होते मी त्याला.

राणे (सेक्रेटरी): काकू, नमस्कार. परवा पालिकेची माणसं डासांच्या अळ्या तपासायला आली होती. पंपरूममागे पाणी साचतंय म्हणाले, म्हणून जागा साफ करायला सांगितली. वैयक्तिक काही नाही. मी फक्त गवत काढ म्हणालो.

सावंत काकू, बी-१०२: गवत???

राणे (सेक्रेटरी): मला त्यातलं कळत नाही काकू. त्या हाउसकीपिंगच्या मुलाला तर मुळीच नाही.

दिघे, ए-१०४: काकू, राणेसाहेबांना दोन पानं दिली असतीत तर ऑगस्टचा ठराव आठवला असता 😂😂

तांबे, सी-२०१: 👆 तेच विचारतोय.

राणे (सेक्रेटरी): दिघे, जोक ठीक आहे. पण मागच्या तीन मीटिंगना तुम्ही नव्हता.

दिघे, ए-१०४: नाइट शिफ्ट होती साहेब. तुम्हाला माहीत आहे.

गोखले मॅडम, ए-२०२: स्पष्ट बोलते, राग नसावा. मी जिन्यात चार कुंड्या ठेवल्या तर मला दोन दिवसांत लेखी नोटीस. आणि कॉमन जागेत कोणी सहा वर्षं वाफा केला तरी चालतो?

सावंत काकू, बी-१०२: वाफा मी केलेला नाही. ती आपोआप आली. मी फक्त कचरा काढायचे.

नाईक, सी-४०२: एक शंका. काकू काढायच्या ती गोल पानांची ना? आमच्या गोव्याकडे तिला एकपानी म्हणतात. आई चटणी करायची ओलं खोबरं घालून.

दिघे, ए-१०४: तो कारिवणा. खरी ब्राह्मी बारीक जाड पानांची असते. यूट्यूबवर एका वैद्यांचा व्हिडिओ आहे, टाकतो.

सावंत काकू, बी-१०२: माझ्या सासूबाई अलिबागच्या. त्या हिलाच ब्राह्मी म्हणायच्या आणि यूट्यूबच्या पन्नास वर्षं आधी म्हणायच्या. रस काढून खोबरेलात घालायच्या, मंद आचेवर तडतड थांबेपर्यंत ढवळत बसायच्या. ऐंशीव्या वर्षी त्यांना वाण्याची उधारी पैशासकट पाठ होती.

पाटकर, ए-३०१: अगदी बरोबर काकू. जुनं ते सोनं 🙏

नाईक, सी-४०२: ऋजुताला विचारा की. पोदार आयुर्वेद कॉलेजला आहे ना ती, शेवटच्या वर्षाला.

ऋजुता, बी-४०३: काकू, रागावू नका हं. दिघेकाका, नाईककाका, भांडणच नाहीये. गोल, दातेरी कडेचं पान म्हणजे मंडूकपर्णी, म्हणजेच कारिवणा. आपल्याकडे बाजारात पुष्कळदा तीच ब्राह्मी म्हणून मिळते. आमच्या पुस्तकातल्या ब्राह्मीची पानं छोटी, मांसल, चमच्याच्या आकाराची, फुलं पांढुरकी-जांभळी. पंपरूममागे दोन्ही होत्या, मी पाहिल्यात. आणि चरकसंहितेत बुद्धीसाठी जी चार मेध्य रसायनं सांगितलीत ना, त्यात काकूंचीच आहे. मंडूकपर्णीचा रस, दुधातून ज्येष्ठमधाचं चूर्ण, गुळवेलीचा रस, शंखपुष्पीचा कल्क. ब्राह्मी त्या चारांत नाहीच, ती पुढे फिट्सच्या औषधी तुपात येते.

सावंत काकू, बी-१०२: ऐका दिघे. चरकसंहिता.

ऋजुता, बी-४०३: पण काकू, आठ दिवसांत काही होत नाही त्याने. ब्राह्मीच्या अर्कावर माणसांवर जे अभ्यास झालेत त्यात साधारण रोज ३०० मिलिग्रॅम आणि १२ आठवडे असा हिशोब असतो. फायदा दिसला तो लक्षात ठेवलेलं परत आठवण्यात, तोही बेताचा. दिवाळीत सुरू केलं असतं तर निदान बोलता आलं असतं. उलट उपाशीपोटी घेतली की मळमळतं, पोट बिघडतं.

स्नेहा सावंत, बी-१०२: मी हेच गेले चार दिवस घरात सांगतेय.

निखिल सावंत, बी-१०२: स्नेहा, आई, हे घरी बोलूया का? प्लीज.

स्नेहा सावंत, बी-१०२: बोलूच. सोमवारी त्याला क्लासमधून अर्ध्यातून घरी यावं लागलं, उलटी होईल असं वाटत होतं म्हणून. मला वाटलं टेन्शन आहे. ताटाखाली वाटी सापडली तेव्हा कळलं.

सावंत काकू, बी-१०२: हा मेसेज डिलीट केला आहे

दिघे, ए-१०४: वाचला होता 🙈

निखिल सावंत, बी-१०२: दिघे, प्लीज.

ऋजुता, बी-४०३: अजून एक सांगते आणि गप्प बसते. ब्राह्मी मातीपाण्यातले कॅडमियमसारखे जड धातू शोषून घेते. सांडपाणी शुद्ध करायला तिचा उपयोग होईल का यावर संशोधन झालंय, इतकी. पंपरूममागे ड्रेनेजचं चेंबर आहे आणि बाजूला पार्किंगचं ऑइल गळतं. डोक्याला लावायचं तेल वेगळं. त्या जागेतलं पोटात नको.

सावंत काकू, बी-१०२: सहा वर्षं अख्खी सोसायटी पानं मागायला यायची, तेव्हा चेंबर नव्हतं का तिथे? राणेवहिनींनी केसांसाठी दोन पिशव्या नेल्यात. मी कधी बोलले?

राणे (सेक्रेटरी): काकू, घरच्यांना यात आणू नका. विनंती.

तांबे, सी-२०१: मुळात फेब्रुवारीत तिथे चिखल का असतो? कारण पहाटे पाणी आलं की खालची टाकी भरून दोन तास वाहते. कारण बॉलकॉक सडलाय. ऑगस्टचा ठराव. डास पण त्याचेच, ब्राह्मी पण त्याचीच.

नाईक, सी-४०२: तांबेंचा मुद्दा खरा आहे हां.

गोखले मॅडम, ए-२०२: ऋजुता, मी रोज चार पानं चावून खाते झोप लागावी म्हणून. माझी थायरॉइडची गोळी चालू आहे. चालेल ना?

ऋजुता, बी-४०३: मॅडम, कोणतं पान ते मला दाखवा आधी. ब्राह्मीने उंदरांमध्ये थायरॉइडचं हार्मोन वाढल्याचं दिसलंय. तुमच्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नका. आणि झोपेची गोळी असेल तर तीही सांगा त्यांना.

सावंत काकू, बी-१०२: रोज चार पानं कुठली हो गोखले? जिन्यातल्या कुंडीतली?

गोखले मॅडम, ए-२०२: सगळे घेत होते म्हणून मी घेतली.

दिघे, ए-१०४: 😂😂😂 आजचा दिवस वसूल

पाटकर, ए-३०१: हीटर सेलमध्ये आहे, कोणाला हवा असेल तर लिंक पाठवतो.

राणे (सेक्रेटरी): पाटकर, ग्रुपवर जाहिरात नको, नियम आहे. बरं, सगळ्यांसाठी. उद्या बॉलकॉकवाला येतोय. ११ ते २ पंप बंद राहील, वरच्या टाकीत असेल तेवढंच पाणी. आज रात्री भरून ठेवा. तांबे, आता ठीक?

तांबे, सी-२०१: पितळी बसवा. मागच्या वेळी प्लास्टिकचा बसवला होता.

जोशी आजोबा, बी-००१ (रात्री ८:४०): सगळे मेसेज आत्ता वाचले. टाइप करायला वेळ लागतो, माफी असावी. काल दुपारी तो मुलगा गोणी भरून कचऱ्याच्या गाडीत टाकायला निघाला होता. मी दोन ओंजळी काढून घेतल्या. गोल पानांची आणि बारीक पानांची वेगवेगळी आहे. बाल्कनीत बादलीत ठेवलीय, मुळं ओली आहेत. तिला पेरापेराला मुळं फुटतात, एक पेर मातीत खोचलं तरी पुरे. हिच्या डोक्याला मी रोज रात्री काकूंनी दिलेलं तेल चोळतो, म्हणून घेतली. आठवणीसाठी नाही, ती तर गेलीच. पण हात फिरला की ती शांत होते. काकू, तुमची तुम्ही घेऊन जा. बेल बंद आहे, दार वाजवा.

सावंत काकू, बी-१०२: येते सकाळी. तेलाची बाटली पण आणते, तुमची संपत आली असेल.

निखिल सावंत, बी-१०२: आई, दोन मोठ्या कुंड्या आणि नवी माती उद्या आणतो मी. आपल्या खिडकीत लाव.

स्नेहा सावंत, बी-१०२: 👍 तेलापुरतीच.

सावंत काकू, बी-१०२: बघू. पेपर संपेपर्यंत देत नाही. राणे, उद्या बॉलकॉक बसला की मागे टिपूस राहणार नाही. चिखलात एखादं मूळ राहिलं असेल तर त्याला पाणी कोण घालणार?

राणे (सेक्रेटरी): काकू, तिथे काही लावायचं नाही. पालिकेची माणसं पुन्हा येणार आहेत.

सावंत काकू, बी-१०२: लावायचं नाही म्हटलंय मी. पाण्याचं विचारलं.

तांबे, सी-२०१: पितळी. लक्षात ठेवा.