ड्राफ्टमध्ये मागे पडलेला गोलरक्षक

उत्तर अमेरिकेतल्या NHL या आइस हॉकी लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात त्यात, पहिल्या फेरीत नाव आलं नाही की करिअर तिथेच आटोपलं, असं या चर्चेत म्हटलं गेलंय. हे मत फॉरवर्ड्सच्या (आक्रमक खेळाडूंच्या) बाबतीत थोडंफार चालेल, गोलरक्षकांच्या बाबतीत मला अजिबात पटत नाही. डॉमिनिक हाशेकचा उल्लेख इथे अजून कुणीच कसा केला नाही?

शिकागोच्या संघाने त्याला १९८३ मध्ये थेट दहाव्या फेरीत घेतलं. खेळात काही कमी होतं म्हणून नव्हे. चेकोस्लोव्हाकियातला खेळाडू बाहेर येऊ शकेल की नाही याचीच खात्री नव्हती. तो आला १९९० मध्ये, वयाच्या पंचविशीत. तिथे गोलरक्षक एड बेलफोर पुढे असल्याने दोन वर्षं त्याला फारशी संधीच मिळाली नाही. १९९२ मध्ये तो बफेलोकडे गेला आणि १९९३-९४ च्या हंगामात सामन्यामागे सरासरी फक्त १.९५ गोल होऊ दिले. सर्वोत्तम गोलरक्षकाची वेझिना ट्रॉफी सहा वेळा, शिवाय १९९७ आणि १९९८ अशी लागोपाठ दोन वर्षं लीगमधल्या सर्वांत मौल्यवान खेळाडूची हार्ट ट्रॉफी. दोनदा हार्ट मिळवणारा दुसरा गोलरक्षक आजवर झालेला नाही.

आणि नागानो! १९९८ च्या ऑलिंपिक उपांत्य सामन्यात कॅनडाचे शूटआउटमधले (बरोबरी सोडवायला एकेका खेळाडूने थेट गोलरक्षकासमोर घेतलेले) पाचही प्रयत्न त्याने परतवले, मग अंतिम सामन्यात रशियाला एकही गोल करू दिला नाही. तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. अंग कसंही वेडंवाकडं टाकून, कधी स्टिक सोडून थेट हाताने पक (खेळातली रबरी चकती) दाबणारी त्याची ती शैली कुठल्याच प्रशिक्षकाने शिकवली नसती. लीगच्या विजेतेपदाचा स्टॅन्ली कप तर त्यानंतर आला, २००२ मध्ये डेट्रॉइटकडून, सदतिसाव्या वर्षी.