मदत हवी आहे: जि.प. शाळेसाठी ग्रामपंचायतीचा कोणता निधी वापरता येतो? (पारोळा तालुका)

नमस्कार मंडळी. मी पारोळा तालुक्यातल्या एका लहान गावातली. पोरगी तिसरीत आहे. यंदा पालकांनी मला शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष केलं. शाळा पहिली ते चौथी, दोन शिक्षक, पट 28.

शाळेची लाईट दिवाळीआधीपासून बंद आहे. बिल थकलं म्हणून जोडणी तोडली. कपाशी विकल्यावर घरोघर वर्गणी काढून टीव्ही घेतला होता, तो आता चादर पांघरून कोपऱ्यात उभा आहे. टीव्हीचं एक वेळ सोडा. लाईट नाही म्हणून बोअरची मोटर नाही, मोटर नाही म्हणून संडासात पाणी नाही. मोठ्या मुली मधल्या सुट्टीत घरी जातात, त्यातल्या दोघी-तिघी परत येतच नाहीत. माझी पोरगीही त्यातलीच.

समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान आम्हाला वर्षाला 10,000 बसतं, कारण पट तीसच्या आत. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेला ठेवायचा. उरल्यात खडू, रजिस्टर, झाडू, किरकोळ दुरुस्ती. गेल्या वर्षी खात्यावर लिमिट (म्हणजे खर्चाची मंजूर रक्कम) पडली ती मार्चमध्ये, आणि 31 तारखेच्या आत खर्च करा म्हणून सरांची नुसती पळापळ.

दुसरं म्हणजे पहिलीत एक मुलगी आहे, दोन्ही पायांनी अधू. रॅम्पचं खालचं टोक उखडलंय, म्हणून तिचे आजोबा रोज तिला कडेवर घेऊन तीन पायऱ्या चढतात. मधल्या पायरीवर थांबतात, भिंतीला हात टेकतात, मग पुढची पायरी. पाऊस असला की ती येत नाही.

ग्रामपंचायतीत गेले तर उत्तर मिळालं, "शाया जिल्हा परिषदनी शे, आमनी नही." खरंच ग्रामपंचायतीला शाळेवर खर्च करता येत नाही का? येत असेल तर कोणत्या निधीतून, आणि मागायचं कसं?

केंद्रप्रमुख (निवृत्त), अमळनेर

ताई, करता येतो. शाळा जिल्हा परिषदेची हे खरं, पण ग्रामपंचायत अधिनियम 1958 मधल्या ग्रामसूचीत शिक्षण हा विषय आहे. पगार शासन देतं, वर्गखोल्या आणि मोठी दुरुस्ती जिल्हा नियोजनातून नाहीतर जिल्हा परिषदेच्या सेसमधून (स्वतःच्या उत्पन्नातून) होते. त्यासाठी प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जाऊ द्या, वेळ लागेल. तुमची कामं लहान आहेत, ती गावातच सुटतात.

निधी एकच धरू नका, कामागणिक वेगळा मागा. केंद्राकडून ग्रामपंचायतीला येणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशात (2025-26 पर्यंतच्या) 60 टक्के बंधित असतो, म्हणजे फक्त पाणी आणि स्वच्छतेसाठी. शाळेचं संडास, हँडवॉश, टाकी, पाइपलाइन यात बसतं. 40 टक्के अबंधित, त्यातून सौर पॅनल किंवा कंपाउंड मागा, पण पगार आणि आस्थापनेचा खर्च त्यातून चालत नाही. म्हणून थकलेलं बिल वित्त आयोगात मागू नका. ते ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून, म्हणजे घरपट्टी वगैरेच्या पैशातून, ठराव करून भरायला सांगा.

रॅम्पसाठी तर हक्काचा पैसा आहे. स्वउत्पन्नाचा 5 टक्के हिस्सा ग्रामपंचायतीने दिव्यांगांसाठी खर्चायचाच असतो. तो यंदा कुठे खर्च झाला, एवढंच ग्रामसभेत विचारा.

आणि हे सगळं गावाच्या विकास आराखड्यात आलं पाहिजे. आराखड्यात नसलेल्या कामाला पैसा निघत नाही. समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो, तो शिक्षण हक्क कायद्यातच सांगितलाय (कलम 22). आमच्या केंद्रात बहुतेक शाळांचा आराखडा कपाटात पडून असायचा, त्याचं मला आजही वाईट वाटतं. तुम्ही तो ग्रामसभेत वाचून दाखवा.

माजी सरपंच, चोपडा

ताई, तोंडी बोलून उपयोग नाही. समितीच्या बैठकीचा ठराव, त्यावर सगळ्या सदस्यांच्या सह्या, सोबत अर्ज, आणि अर्जाची पोच. पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून उठू नका. समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला असतात, त्या सगळ्या ग्रामसभेला येऊन बसल्या तर विषय टाळणं अवघड जातं. मी स्वतः सरपंच असताना बायकांनीच माझ्याकडून शाळेचं पाणी करून घेतलं होतं.

जुनं वीजबिल एकदा नीट बघा. शासकीय शाळांना 'सार्वजनिक सेवा – शासकीय' हा वेगळा दर आहे. व्यापारी दराने आकारणी झालेली असेल तर आधी दुरुस्तीचा अर्ज द्या, मग भरा.

गुरुजी, धडगाव

आमच्याकडे पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) असल्याने आदिवासी घटक उपयोजनेतला 5 टक्के अबंध निधी थेट ग्रामपंचायतीला येतो आणि ग्रामसभा त्यातून शिक्षणावर खर्च ठरवते. पारोळ्याला तो लागू नाही, म्हणून आमच्या गावांची उदाहरणं देऊन तिकडे वाद घालू नका.

त्या मुलीबद्दल सांगतो. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे, म्हणजे दिव्यांग मुलांसाठीचे, विशेष शिक्षक असतात, त्यांना आधी भेटा. तिचं नाव यू-डायसवर (शाळा आणि मुलांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) दिव्यांग म्हणून नोंदलंय का, ते मुख्याध्यापकांकडून बघून घ्या. नोंद नसेल तर पुढचं काहीच मिळत नाही. दिव्यांग मुलींना समग्र शिक्षातून महिना 200 रुपये दहा महिने मिळतात, आणि मदतनीस किंवा प्रवास भत्त्याची मागणीही तिथूनच जाते. आजोबांना म्हणावं, प्रमाणपत्र नसेल तर तपासणी शिबिराची तारीख विचारा.

गावातून कोणी ऊसतोडीला जातं का?

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. जातात गुरुजी, चार घरं दरवर्षी दसऱ्यानंतर गुजरातेत जातात, पोरांना घेऊनच. सहा पोरं आहेत.

सरांना यू-डायसचं विचारलं. मुलीच्या नावापुढे दिव्यांगची नोंदच नाही. सर म्हणाले, प्रमाणपत्र नव्हतं म्हणून राहिलं. आजोबांना घेऊन मी सोमवारी गटसाधन केंद्रात जाते आहे.

गुरुजी, धडगाव

मग हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव द्या. पोरं आजी-आजोबांकडे राहतात, जेवणाची सोय समितीमार्फत होते. यादी आणि पालकांची संमती घरं निघायच्या आधी हवी, गाड्या लागल्यावर कोणी सही करायला थांबत नाही. जी पोरं तरीही जातील त्यांच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे तिकडच्या शाळेला त्यांची इयत्ता कळते.

प्रश्नकर्ती

यंदाची घरं निघून गेली. पुढच्या वर्षीची यादी पोळ्यालाच करते.

26 जानेवारीच्या ग्रामसभेसाठी समितीची बैठक शुक्रवारी लावलीय. तीन ठराव वेगवेगळे करतेय: बिल स्वनिधीतून, टाकी आणि पाइपलाइन बंधित निधीतून, रॅम्प 5 टक्क्यांतून. कोणाकडे अशा ठरावाची मंजूर झालेली प्रत असेल तर फोटो टाका. भाषा सरकारी लागते म्हणतात, आणि माझा एकही ठराव शब्दावरून परत यायला नको आहे.