मदत हवी: जुनी गाडी घेतली, पाणी कमी होतंय, घाटात टेंपरेचरचा काटा वर जातो

सात_रस्ता: गाडी घेऊन वीस दिवस झाले. शहरात ठीक, तुळजापूर घाटात काटा चढतो. तीन-चार दिवसांनी अर्धा लिटर पाणी लागतं, खाली थेंब नाही. मेकॅनिक म्हणतो हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवा. रविवारी पुण्याला जायचंय, लवकर सांगा.

पाना१०१२: पेट्रोल की डिझेल? किती चालली? कूलंट घालता की साधं पाणी? सकाळी स्टार्टला पांढरा धूर? ऑइलच्या झाकणाखाली साय धरल्यासारखं काही? दोन्ही पाणी इंजिनात जात असल्याच्या खुणा.

सात_रस्ता: २०१४ पेट्रोल, ६८ हजार. बोअरचं पाणी. धूर नाही, झाकण स्वच्छ.

उन्हाळा४३: थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वाल्व्ह) काढून टाका. सोलापुरात लागतच नाही.

पाना१०१२: हे कृपया करू नका. इंजिन पुरतं तापत नाही, मग ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल जास्त सोडतो, ॲव्हरेज पडतं. आणि पाणी जायचं ते जातच राहतं.

विजापूर_रोड: गाडी नावावर करायच्या फॉर्म २९, ३० वर सह्या घेतल्या ना? आरसीसोबत इन्शुरन्सही नावावर करा.

सात_रस्ता: कागद झालेत हो. इंजिनाचं सांगा. सीएनजीवर काटा लवकर चढतो.

पाना१०१२: सीएनजी आहे हे आधी सांगायचं! रेड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) गार पडतो, त्याला गरम पाणी द्यायला हीटरच्या होजमध्ये टी (तीन तोंडांचा जोड) टाकतात. तिथला क्लॅम्प सैल झाला की पाणी तापल्या इंजिनावरच सुकतं, थेंब खाली येत नाही. टीभोवती क्षाराचा पांढरा थर दिसेल. रेड्यूसरवर बर्फ धरत असेल तर त्यात पाणी फिरत नाहीये.

अक्कलकोट_नाका: टी बघाच, पण हेडलाही क्लीन चिट देऊ नका. थंड इंजिनावर रेडिएटरला प्रेशर टेस्टर (काटा असलेला हातपंप) लावा, झाकणावर लिहिलेला दाब १५ मिनिटं ठेवा. टेस्टरचा काटा उतरला आणि बाहेर कुठेच ओल नाही, तर पाणी आत जातंय. मग ब्लॉक टेस्टर (रेडिएटरमध्ये इंजिनाचा जळका गॅस येतोय का ते दाखवतो): निळं द्रव पिवळं झालं की गॅसकेट (हेडखालचं पॅकिंग) गेली. कॉम्प्रेशनही (प्रत्येक सिलिंडरमधला दाब) घ्या, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. शेजारचे दोन सिलिंडर कमी आले तर गॅसकेट त्यांच्या मधे फुटलेली असते. एकच कमी असेल तर चमचाभर ऑइल घालून परत घ्या. वाढलं तर दोष पिस्टनच्या रिंगचा, नाही तर बहुधा वाल्व्हचा. सीएनजीवर एक्झॉस्ट वाल्व्हच्या सीट लवकर झिजतात.

उन्हाळा४३: एवढं करण्यापेक्षा हेड उघडलेलं बरं.

अक्कलकोट_नाका: उघडलं की नवी गॅसकेट, हेड प्लेनिंग (घासून सपाट करणं), नवे बोल्ट. दोष क्लॅम्पचा निघाला तर सगळा खर्च पाण्यात.

सात_रस्ता: मागच्या टीला पांढरा थर आहे. क्लॅम्प बोटाने फिरतोय!

पाना१०१२: दोन्ही क्लॅम्प नवे टाका. बोअरचं पाणी पूर्ण काढा, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा, हीटर फुल गरमवर ठेवून हवा काढा. प्रेशर टेस्ट तरीही कराच. पुण्याआधी एकदा घाट चढवून बघा.