पंधरा वर्षांच्या पोरीला 'हे' शिकवायचं?

ऐरोलीकर बाबा: शाळेतून चिठ्ठी आली. मतिमंद मुलांच्या वर्गात शरीर, पाळी, एचआयव्ही, निरोध यावर तास घेणार, सही करा म्हणे. माझी मुलगी १५ ची, समज सहा वर्षांची. तिच्या डोक्यात नाही ते भरवायला मी सही करणार नाही. कुणीच करू नये.

नौपाड्याची आई: 'कुणीच करू नये' म्हणालात म्हणून लिहितेय. समज सहाची असली तरी शरीर पंधराचंच आहे, दादा. माझा मुलगा १७ चा, डाउन सिंड्रोम. दोन वर्षांपूर्वी रिक्षातून आला, चड्डी उलटी. विचारलं तर 'काका, काका' आणि रडणं. काय झालं ते समजायला पाच दिवस लागले. पॉक्सोखाली तक्रार केली, पण एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, ते तास निघून गेले होते. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी केली, निगेटिव्ह आली. ते तीन महिने मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. त्या जागेला त्याच्याकडे 'शू' सोडून शब्दच नव्हता. मीच दिला नव्हता.

नेरुळची मावशी: मुलाचं निभावतं हो. मुलींचं काय? माझ्या भाचीची पिशवीच काढून टाकली. पाळी नाही, दिवस जायची भीती नाही. घरच्यांची सुटका झाली.

कळव्याची बाई (विशेष शिक्षिका): पिशवी काढून रक्त थांबतं, हात लावणारा थांबतो का? एचआयव्ही थांबतो? १९९४ मध्ये शिरूरच्या वसतिगृहातल्या मतिमंद मुलींच्या पिशव्या पुण्याच्या ससून रुग्णालयात काढल्या, तेव्हा महाराष्ट्रभर रान उठलं होतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तर स्पष्ट लिहिलंय, तिच्या स्वतःच्या संमतीशिवाय असं ऑपरेशन नाही. माझ्या वर्गात चड्डीवर पेनने पॅडचा आकार काढून देते. आकारावर आकार ठेवायचा. एका मुलीला आठ महिने लागले, आता स्वतः बदलते.

नेरुळची मावशी: तुम्ही दुपारी घरी जाता, बाई. रात्री तीनदा चादर बदलणारी माझी बहीण होती. नवरा सोडून गेलेला. तिला कायदा शिकवू नका.

कळव्याची बाई: रात्रीचं खरंय. माझा सूर चुकला. पण बहिणीला कुणी आठ महिने मदत केली असती तर पिशवी काढावी लागली नसती, हे मी म्हणणारच.

घोडबंदरचा दादा: आठ महिने कोण देतंय मदत! मूळ मुद्द्यावर या. आमच्याकडे एका पाहुण्या वक्त्याने निरोध केळ्यावर दाखवला. माझा भाऊ २० चा. घरी येऊन फळांच्या टोपलीतल्या केळ्याला चढवला आणि आईला म्हणाला, आता रोग नाही. त्याला खूण कळत नाही, दिसेल तेच कळतं. लाकडी मॉडेल आणायचं नसेल तर तास घेऊच नका.

ऐरोलीकर बाबा: हेच म्हणत होतो मी!

नौपाड्याची आई: नाही. तो नीट शिकवा म्हणतोय, तुम्ही शिकवूच नका म्हणताय. निरोधाचा तास नंतर ठेवायला सांगा हवं तर. आज रात्री एवढंच करा, वहिनींना मुलीजवळ बसवा आणि डोक्यापासून पायापर्यंत अंगाची नावं विचारायला लावा.

ऐरोलीकर बाबा: विचारलं. पोटानंतर एकदम गुडघा म्हणाली. निरोधाला माझा विरोध अजून आहे. बाकीच्या तासांना हिला मागच्या बाकावर बसू देणार असतील तर सही करतो.