पुढचा मेट्रो: रे-ट्रेसिंगची सक्ती हवीच, १६५० वाल्यांनी रागावू नये

जळगावचा_रेंजर

मेट्रो मालिकेतला एक्झोडस हा गेम फेब्रुवारी २०१९ मध्ये आला. २०२० च्या अखेरीस तो बनवणाऱ्या फोर-ए गेम्सने सांगितलं की पुढचा मेट्रोही एकट्याने खेळायचा, गोष्टीवर चालणारा असेल आणि त्यासाठी गेम चालवणारं इंजिन नव्याने घडवणं चालू आहे. मग युद्ध सुरू झालं. स्टुडिओचा एक पाय कीवमध्ये, दुसरा माल्टात. गोष्टही युद्धामुळे बदलली, असं त्यांनीच जाहीर केलं. तेव्हापासून आपल्या पोरांचा एकच प्रश्न, "आते कितला थांबानं भो?" येईल तेव्हा येईल. मला वाद घालायचाय तो वेगळ्याच मुद्द्यावर.

पुढच्या मेट्रोत रे-ट्रेसिंग, म्हणजे उजेडाचे किरण कुठे जातात ते मोजून चित्र काढणं, बंद करायचं बटणच नसावं. सेटिंगमध्ये शोधूनही सापडू नये.

मूळ एक्झोडसमध्ये रे-ट्रेसिंगचा उजेड फक्त सूर्य आणि आकाशापुरता होता. दिवे, शेकोट्या सगळं जुन्या पद्धतीचं. मे २०२१ मध्ये पीसीवर एन्हान्स्ड एडिशन आली, तिच्यात जुनी पद्धत काढूनच टाकली. प्रत्येक दिव्याचा उजेड किरणांनीच मोजायचा, म्हणून ती रे-ट्रेसिंगचं हार्डवेअर नसलेल्या जुन्या जीटीएक्स ग्राफिक्स कार्डावर सुरूच होत नाही, किमान आरटीएक्स २०६० लागतं. तेव्हाही बोंबाबोंब झाली होती. पण व्होल्गाच्या पाण्यातलं ते चर्च दोन्ही आवृत्त्यांत एकदा लागोपाठ बघा. जुन्यात कोपरे कारण नसताना उजळलेले दिसतात. नव्यात खिडकीतून ऊन येतं, फळ्यांवर पडतं, तिथून छताला लागतं, आणि जिथे काहीच पोचत नाही तिथे खरोखर काळोख.

हे झालं दिसण्याचं. माझा खरा मुद्दा लपण्याचा आहे. मेट्रो म्हणजे बल्ब काढायचा, कंदील विझवायचा आणि पहारेकऱ्याच्या पाठीमागून निघायचं. मालिकेतल्याच लास्ट लाइटमध्ये मनगटावरच्या घड्याळातला निळा दिवा सांगायचा की तू उजेडात आहेस. आता विचार करा, पहारेकऱ्याने तुमच्यावर नाही, समोरच्या चुना लावलेल्या भिंतीवर टॉर्च मारली. तिथून परतलेल्या उजेडात तुम्ही दिसायला हवेत ना? असा डाव रचायचा तर तो परतलेला उजेड प्रत्येकाच्या मशीनवर असला पाहिजे. निम्म्या लोकांकडे नसेल तर लेव्हल बनवणारा त्यावर काही उभंच करणार नाही, आणि आपल्याला पुन्हा तेच मिळेल: छान दिसणारा जुना गेम.

धुळ्याचा_कॅफेवाला

रेंजर भाऊ, मांडणी झकास. पण हे बोलणं ज्याच्या घरी २०६० आहे त्याचं आहे.

माझ्या कॅफेत सगळी जीटीएक्स १६५० कार्डं आहेत. का आहेत ते ऐक. ते कार्ड ७५ वॅटवर चालतं, बहुतेक मॉडेलना वेगळी पॉवरची वायर लागत नाही, ऑफिसातून निघालेल्या जुन्या डब्यात बसतं. २०२२ च्या अखेरीस स्टीम या गेम विकणाऱ्या साइटच्या सर्वेक्षणात जगात पहिल्या नंबरवर हेच कार्ड होतं. म्हणजे ही काही धुळ्याचीच रड नाही. २०६० ला १६० वॅट लागतात. एका मशीनला ठीक. दहा मशीन लाव, वरून दोन कूलर लाव, आणि मग मे महिन्यात दुपारी तीनला माझ्या मीटरजवळ येऊन उभा राहा.

उन्हाळ्याचंही बोलू. कार्डाचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक कार्डाची स्वतःची चढ. पुण्यात एसी लावून २५ अंशांच्या खोलीत जे कार्ड ७० वर खेळतं, तेच माझ्याकडे ४२ च्या खोलीत ८७ वर जायला बघतं. एनव्हिडियाची बरीच कार्डं ८३ च्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात. म्हणजे पैसे २०६० चे मोजायचे आणि काम त्याहून खालच्या कार्डाचं घ्यायचं. यूट्यूबवर जे बेंचमार्क बघता ते आपल्या हवेचे नसतात.

आणि तुझा तो भिंतीचा डाव. पहारेकऱ्याला तू दिसतोस की नाही हे ठरवायला पडद्यावरचं चित्र लागतच नाही. टॉर्चची दिशा, भिंतीचा रंग, तुझं अंतर, एवढं ढोबळ गणित प्रोसेसरसुद्धा करेल. चित्रात तो उजेड दाखवायला लाइट प्रोब, म्हणजे जागोजागचा उजेड आधी मोजून ठेवलेले बिंदू, पुरतात. सक्तीचं कारण म्हणून हे फार ताणलेलं वाटतं.

लास्ट लाइट २०१३ चा. टीएचक्यू या प्रकाशक कंपनीचे माजी अध्यक्ष जेसन रुबिन यांनी तेव्हा जाहीर लिहिलं होतं की मोठ्या स्पर्धकांच्या जेमतेम १० टक्के बजेटमध्ये या लोकांनी तो बनवला. कीवमध्ये पत्ते खेळायच्या टेबलांवर मशीन, बसायला घडीच्या खुर्च्या, आणि लाइट जाणं रोजचंच. त्या गरिबीत बनलेला गेम आजही माझ्या सगळ्या मशीनवर पळतो आणि डोळ्याला टोचत नाही.

जळगावचा_रेंजर

दादा, रुबिनचं उदाहरण तू माझ्याच बाजूने दिलंस. एवढ्या छोट्या टीमला तू सांगतोयस की उजेड दोनदा कर. एकदा किरणांनी आणि एकदा हाताने. हाताने म्हणजे प्रत्येक खोलीत खोटे दिवे लपवायचे, प्रोब ठेवायचे, दार उघडलं की काय, बल्ब फुटला की काय, सगळं वेगळं तपासायचं. हे सोपं असतं तर एन्हान्स्डमधून त्यांनी जुनी पद्धत काढलीच नसती.

प्रोबवर तर बोलूच नको. प्रोब आधी मोजलेला असतो. मी बल्ब फोडल्यावर त्याला कोण सांगणार?

भुसावळ_लोको

कसाले भांडतस रे भो. माले त गाडी पायजे.

मी रेल्वेच्या गावचा. एक्झोडसमधल्या अरोरा गाडीसारखं इंजिन दुसऱ्या कुठल्या गेममध्ये आहे सांगा. मोहिमेवरून परत आलं की डब्यात कोणीतरी गिटार वाजवतंय, चहा उकळतोय, ड्रायव्हर येर्माक इंजिनाबद्दल कुरकुर करतोय. पुढच्या भागात पुन्हा जुन्या मेट्रोंसारखं बोगद्यात कोंडलं तर मी घेणार नाही. रे-ट्रेसिंग असो नाहीतर दिवाळीची पणती असो.

अमळनेरकर

लोको, एक्झोडसमधली गाडी भारीच. पण कॅस्पियनचं वाळवंट? व्हॅनने फिरा, अंगावर धावून येणारे राक्षस मारा, पुन्हा व्हॅनने फिरा. माझ्या मते सगळ्या मालिकेतला सगळ्यात सुस्त तुकडा. रखरखीत ऊन बघायला गेम कशाला, खिडकी उघडतो. पहिल्या मेट्रो २०३३ मध्ये गॅस मास्कच्या फिल्टरचा वेळ संपत आलाय, मास्कच्या काचेला तडा गेलाय, आणि चांगली लष्करी गोळी झाडू की तिच्यावर बाजारात काही घेऊ हा विचार चाललाय. एक्झोडसमध्ये तो बाजारच गेला. बोगदे परत आणा, गोळ्यांचं चलन परत आणा. बाकी कार्डाचं तुम्ही बघा.

सावद्याची_शेडर

मी ग्राफिक्स प्रोग्रामिंगमध्ये काम करते, त्यामुळे दोन्ही बाजूंना थोडं टोचणार आहे.

रेंजर दादा, सक्ती होणारच. तुम्ही मागा नका मागू. डिसेंबर २०२४ चा इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि मे २०२५ चा डूम: द डार्क एजेस, दोन्ही रे-ट्रेसिंगचं हार्डवेअर नसेल तर चालत नाहीत. फोर-एने तर ही वाट २०२१ मध्येच धरली. कॅफेवाले दादा, एक गोष्ट तुमच्याही लक्षात यावी. एन्हान्स्डचं काम जून २०२१ मध्ये कन्सोलवर आलं तेव्हा ते एक्सबॉक्स सिरीज एसवरही आलं. त्या डब्याची ताकद साधारण ४ टेराफ्लॉप (गणित करण्याच्या वेगाचं माप), म्हणजे कमीच. रिझोल्यूशन खाली आणावं लागलं, पण चाललं. म्हणजे सक्ती म्हणजे लगेच महागडं कार्ड, असं समीकरण नाही.

पण "बोगदा आणि रे-ट्रेसिंग म्हणजे स्वर्ग" असं जे दोघातिघांना वाटतंय, तिथे मला शंका आहे. मोकळ्या मैदानात आकाश सगळीकडून उजेड देतं. कुठलाही किरण सोडा, त्याला काहीतरी सापडतं. बोगद्यात एकच लहानसा कंदील. प्रत्येक पिक्सेलमागे एकदोनच किरण परवडतात, त्यातले बहुतेक काळ्या भिंतीला लागून रिकाम्या हाताने परततात, एखादाच कंदिलापर्यंत पोचतो. परिणाम म्हणजे चित्रात ठिपके. ते पुसायला डीनॉयझर लागतो आणि तो मागच्या अनेक फ्रेमची माहिती एकत्र करतो. म्हणून उजेड पटकन बदलला की भिंतीवर जुना उजेड क्षणभर रेंगाळतो. लाइटर पेटवून शांत चालताना कळणार नाही. पण गोळीबार सुरू झाला, टॉर्च डावी-उजवी फिरली, बंदुकीच्या तोंडाशी चमक झाली की दिसेल. डेव्हलपर लहान दिव्यांकडे मुद्दाम जास्त किरण पाठवतात, त्याने फरक पडतो, पण हिशेब फुकट सुटत नाही.

आता लपण्याच्या डावाबद्दल. रेंजर दादांची कल्पना मला मनापासून आवडली, पण ती जशी मांडलीय तशी धोक्याची आहे. पहारेकरी जर रेंगाळलेल्या, ठिपक्यांच्या उजेडावर निर्णय घेऊ लागला तर एकाच जागी, एकाच क्षणी तो एकदा तुम्हाला बघेल आणि एकदा नाही. खेळाडू कीबोर्ड आपटेल. त्यामुळे कॅफेवाले दादा म्हणतात तसं वेगळं ढोबळ गणित लागेलच. फक्त ते गणित पडद्यावरच्या उजेडाशी जुळलं पाहिजे, आणि ते जुळवायचं तर पडद्यावर सगळ्यांना एकसारखा उजेड हवा. म्हणजे फिरून सक्तीवरच आलो. कॅफेवाल्या दादांच्या प्रोबबद्दल एवढंच, की चालू खेळात नव्याने मोजले जाणारे प्रोबही असतात. पण ते चांगले मोजायचे तर पुन्हा किरणच सोडावे लागतात.

माझी खरी काळजी मेमरीची आहे. किरणांना शोधायला सोपं जावं म्हणून सगळ्या दृश्याचा एक वेगळा सांगाडा कार्डाच्या मेमरीत ठेवावा लागतो. २०६० ची मेमरी ६ जीबी. टेक्स्चर, म्हणजे वस्तूंवर चढवलेली चित्रं, मोठी झाली की जागेची मारामारी. सेकंडहँड घेणार असाल तर ८ जीबीच्या खाली बघू नका. एएमडीच्या आरएक्स ६६०० कार्डाला किरणांचं काम २०६० इतपतच जमतं, पण मेमरी ८ आहे.

नंदुरबारी_ब्लडसकर

सगळे मेट्रोच्याच मागे. स्टॉकर २ या गेमवरून काही शिकलात का? तीही कीवचीच माणसं, नोव्हेंबर २०२४ ला आला, अनरिअल इंजिन ५. तारखा किती वेळा पुढे ढकलल्या ते सगळ्यांना माहिती. आला तेव्हा वस्तीत शिरलं की प्रोसेसर गुडघ्यावर, आणि जो ए-लाइफ, म्हणजे गेममधली माणसं-प्राणी आपापले वावरत ठेवणारा भाग, सगळ्यांना हवा होता तोच धड चालेना. ग्राफिक्स कार्डावर भांडताय, मला तर प्रोसेसरची चिंता आहे.

जळगावचा_रेंजर

तुन्हं बरोबर शे. पण फोर-ए स्वतःचं इंजिन वापरतं आणि त्यांच्या लेव्हल मोजक्या, बांधीव असतात. शेकडो लोकांचं जग मागे सतत चालवायचं ओझं मेट्रोवर कधीच नव्हतं. म्हणूनच मला अमळनेरकरांसारखे बोगदे हवेत. लोको, तू रागावू नकोस.

भुसावळ_लोको

रागावलोय. गाडी बोगद्यातूनही जाते, हे तुम्हा दोघांच्या डोक्यात येत नाही का?

चोपड्याचा_इन्व्हर्टर

उष्णतेवर बोलणाऱ्यांसाठी. कार्ड अंडरव्होल्ट करा. आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये व्होल्टेजचा आलेख थोडा खाली ओढायचा, वेग तिथेच ठेवायचा. फ्रेम फारशा जात नाहीत, ताप बऱ्यापैकी उतरतो. आणि कूलर थेट पीसीवर सोडू नका. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा गार असते पण ओली असते, बोर्डावर धूळ चिकटून बसते.

लाइट जाण्याचंही सांगतो. घरच्या १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात, हातात त्याहून बरेच कमी येतात. १६५० चा पीसी आणि २०६० चा पीसी यांत तिथे तासाभराचा फरक सहज पडतो. इन्व्हर्टर जुना चौकोनी लहरीचा असेल तर चांगले पॉवर सप्लाय त्यावर बदलाबदलीच्या क्षणी बंद पडतात, शुद्ध साइन लहरीचा घ्या. मेट्रो २०३३ आणि लास्ट लाइटमध्ये चेकपॉइंटशिवाय सेव्ह नाही. एक्झोडसमध्ये मधेच सेव्ह करता यायचं, रेंजर हार्डकोअर ही सगळ्यात कठीण पातळी सोडून. पुढच्या भागात ही सोय काढली तर आपल्याकडे रे-ट्रेसिंगपेक्षा मोठा दंगा यावर होईल.

धुळ्याचा_कॅफेवाला

इन्व्हर्टर भाऊ, एक नंबर. हे ट्रेलरखाली कोणी लिहीत नाही.

शेडर ताई, तुमचं सिरीज एसचं पटलं. पण एक फरक आहे. सिरीज एस एकच डबा, त्यासाठी स्टुडिओ बसून सेटिंग जुळवतो. माझ्या जुन्या प्रोसेसरवर, एका रॅम पट्टीवर ते कोण जुळवणार? सक्ती येणार असेल तर येऊ द्या. रेंजरने "हवीच" म्हणून टाळ्या वाजवाव्यात एवढी ती गोड नाही, इतकंच माझं म्हणणं. दहावीची परीक्षा संपल्यावर जो पोरगा तासाचे पैसे मोजून येतो, त्याला मी काय सांगू, उजेड खरा नाही म्हणून गेम चालू होत नाही?

जळगावचा_रेंजर

त्याला दोन वर्षांनी सांग, दादा. गेम तोवर स्वस्त होतो, कार्डंही होतात. आपण सगळे एक्झोडस असाच खेळलो. पहिल्याच दिवशी घेतलेला एक तरी माणूस इथे आहे का?

शेडर ताई, ट्रेलर आला की नेमकं काय बघायचं?

सावद्याची_शेडर

सावकाश चालण्याचे सीन सोडून द्या, तिथे सगळेच गेम देखणे. गोळीबाराचा तुकडा फ्रेम-फ्रेम थांबवून बघा. बंदुकीच्या चमकेने छत त्याच फ्रेमला उजळतं की पुढच्या दोनतीन फ्रेमनंतर? टॉर्च वळल्यावर आधीच्या जागी पुसट डाग राहतो का? आणि बल्ब फुटलेला दाखवला तर शेजारच्या खोलीतला उजेड किती बदलतो तेही बघा. एवढ्यावर बराच अंदाज येतो.

धुळ्याचा_कॅफेवाला

आणि खाली बारीक अक्षरात कुठल्या मशीनवर चित्रण केलंय तेही वाचा. ते वाचूनच दोन मशीनवर ६६०० टाकायचं की नाही ते ठरवेन. आठ मशीन आहेत तशीच राहतील, लास्ट लाइटला गिऱ्हाईक आहे अजून.